ही लाइन कोणी टाकली?

पाइप कसा वाजतो ते तिनं रहेमानचाचांच्या दुकानातल्या काउंटरवरच वाजवून दाखवलं. आधी एका बोटानं — ठक्. मग जराशी थांबली. मग तीन बोटांनी भराभरा — ठकठकठक. मग पुन्हा थांबली, आणि तळहाताचा असा दणका दिला की डब्यातले वायसर जागचे हलले.

"असं होते," ती म्हणाली. "दिवाळीपासून चालू आहे. मिस्त्री पाहिजे."

राजदीप दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसून चहा पीत होता. बशीत ओतलेला चहा बशीतच राहिला. नळाची तक्रार घेऊन येणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती. 'नळ गळते' नाहीतर 'नळ येत नाही', याच्यापुढे कोणी जात नसे. आवाज वाजवून दाखवणारी ही पहिलीच. तिच्या वेणीत कापसाचं एक पुंजकं अडकलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ते काढायला आपला हात आपोआप पुढे जाईल की काय, असं वाटून त्यानं बशी दोन्ही हातांनी धरली.

"मिस्त्री हा काय, समोर बसला," रहेमानचाचा म्हणाले. "घाटंजीत याच्यापेक्षा चांगला मिस्त्री नाही. होता एक, तो पुण्याले गेला."

तिनं राजदीपकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे नीट, वरपासून खालपर्यंत, बाजारात वांगी पाहावीत तसं. "पाइपाचा आवाज समजते काय तुम्हाले?"

"समजते ना."

"मंग परवा सकाळी साडेसहाले या. परवा आमचा नळाचा दिवस आहे. पाणी नसलं की पाइप चूप राह्यते."

त्या हिवाळ्यात त्यांच्या गल्लीत चौथ्या दिवशी नळ यायचा, दीड तासासाठी. त्यामुळे आवाज ऐकायचा तर चौथ्या दिवशीच जावं लागणार, हे राजदीपच्या ध्यानात आलं आणि त्याला उगाच बरं वाटलं.

"नाव काय लिहू?" त्यानं विचारलं. त्याच्याजवळ ना वही होती ना पेन.

"मैत्रेयी. पण घर विचारताना बाबाचं नाव सांगजा. उकंडा फिटर म्हटलं की कोणीही दाखवते."

ती गेली. राजदीपनं गार झालेला चहा पिऊन टाकला आणि रहेमानचाचा मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना दुकान चालवून तीस वर्षं झाली होती, गिऱ्हाइकाला काय हवं ते त्यांना न सांगता कळायचं.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग तीन-तीन दिवस हलत नसे, आणि गावातल्या दोन जिनिंग-प्रेसिंगपैकी एकीच्या फाटकावर दोन वर्षांपासून कुलूप होतं. उकंडा त्याच प्रेसवर सव्वीस वर्षं फिटर होते. कुलूप लागलं तेव्हा त्यांनी आपली हत्यारांची पेटी तेवढी घरी आणली. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते अंगणातल्या खाटेवर असत. बोलणं समजायचं, पण एकेक शब्द वाट पाहून घ्यावा लागायचा. मैत्रेयी हंगामापुरती खरेदी केंद्रावर कामाला होती, कापसाच्या नमुन्याच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. वेणीतलं पुंजकं तिथलं.

ठरल्या दिवशी राजदीप सव्वासहालाच पोचला. उकंडाकाकांना जय भीम केला. मैत्रेयीच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, चहा टाकला. साडेसहाला नळाला सूं झालं, हवा गेली, पाणी आलं.

राजदीपनं स्क्रू पिळायचा लांब पेचकस काढला, टोक पाइपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"डॉक्टर झाले काय?" मैत्रेयी.

"बोलू नका. ऐकू येत नाही."

"श्वास घेतला तं चालन ना?"

"हळू घ्या."

ती हसली. ते हसू पेचकसातून नाही, दुसऱ्या कानातून आलं आणि त्यानंतर बराच वेळ त्याला पाइपाचं काही ऐकू आलं नाही. पहिली वीस मिनिटं पाइपही निमूट होता. मग एकाएकी भिंतीत कोणी हातोडी घेऊन बसावं तसा सुरू झाला — ठक्… ठकठकठक… दण्.

आवाज कुठून येतो ते पाहायला राजदीप लाइनच्या मागे-मागे निघाला. आणि दोन हात जात नाही तोच पाइपावर हात ठेवून थांबला.

लाइन सुरेख होती.

मिस्त्रीला मिस्त्रीचं काम दिसतं. एरवी लोक पाइप टाकतात तो जवळच्या वाटेनं, लोंबता, वाकडा. इथं पाइप खिडकीखाली आल्यावर मुद्दाम खाली वळवला होता, कशासाठी, तर खिडकीतल्या तुळशीच्या आणि गुलाबाच्या कुंड्यांना जागा राहावी म्हणून. धुण्याच्या दगडापाशी तोटी अशा उंचीवर की पोरीला वाकायला लागू नये. भिंतीवरच्या प्रत्येक क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. सांध्यांवर गळती थांबवायचा सफेदा एवढासाही ओघळलेला नाही, पुसून घेतलेला. इतकं जपून त्यानं स्वतः कधी कोणाकडे केलं नव्हतं. इतकं जपून माणूस कोणाच्या घरी करतो? ज्या घरात त्याचा जीव अडकला आहे त्या घरी.

"ही लाइन कोणी टाकली?" त्यानं जमेल तेवढ्या सहज आवाजात विचारलं.

मैत्रेयी पाण्याचा मोठा गुंड भरत होती. तिनं वर पाहिलं, मग खाटेवरच्या बापाकडे पाहिलं. बाप आभाळाकडे पाहत होता. "काहून? वाईट आहे काय?"

"ठीक आहे. जुन्या पद्धतीचं आहे."

"अस्सं."

"गावातलाच आहे काय मिस्त्री?"

"मिस्त्री नाही. मनानंच केलं." ती गुंड उचलून आत जाता जाता म्हणाली, "जीव लावून."

दोनच शब्द, पण राजदीपला ते दिवसभर पुरले. निघताना त्यानं शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी दाखवून सांगितलं, "ते मैनाबाईची टाकी म्याच बसवली, दिवाळीत." आपणही काही कमी नाही एवढं तिला समजावं म्हणून. "हो काय," मैत्रेयी म्हणाली. तिच्या तोंडावर काहीच दिसलं नाही.

आवाजाचं मूळ सापडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्यानं ते शोधलंही नव्हतं.

चार दिवस त्याला दुसरं काही सुचलं नाही. मिस्त्री नसून इतकं चांगलं काम करणारा हा कोण? रहेमानचाचांना त्यानं आडून-आडून विचारलं, गेल्या वर्षी अर्धा इंची पाइप आणि वळणाचे एल्बो कोणी नेले म्हणून. चाचांनी सांगितलं की माल तर मैत्रेयीच घेऊन गेली, सायकलला पाइप बांधून. लावला कोणी ते त्यांना माहीत नव्हतं. पण राजदीपचं तोंड पाहून त्यांना गंमत सुचली. "पांढरकवड्याले एक श्रावण फिटर आहे म्हणते. लय साफ काम. राजदूत गाडी आहे त्याच्यापाशी."

राजदीपजवळ सायकल होती.

दुसऱ्या नळाच्या दिवशी त्यानं नवा शर्ट घातला. पाइप निमूट होता तोवर पेचकस लावून तो एकेक सांधा तपासत गेला, आणि तेव्हा त्याला ते दिसलं. प्रत्येक सांध्यावर एक लाल टिपका. अर्धा एल्बोवर, अर्धा पाइपावर. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. रंग नव्हता तो. नेलपॉलिश होतं.

मैत्रेयीच्या पायाच्या बोटांवर तेच होतं.

म्हणजे त्या माणसानं काम करताना हात पुढे केला असेल आणि हिनं आतून बाटली आणून दिली असेल. किंवा… हिनंच शेजारी बसून एकेक टिपका लावला असेल.

"हे लाल कायचं?" त्यानं विचारलं.

"खूण आहे. सांधा कुठपर्यंत आवळला ते समजते. ढिला पडला तं टिपक्याचे दोन भाग अलग होते."

कल्पना चांगली होती, म्हणून त्याला जास्तच राग आला. "हुशार आहे माणूस."

"आहे थोडं."

"इथं येते काय अजून?"

"जेवते इथंच." तिनं तोटीखाली कळशी सरकवली. पाण्याच्या आवाजात तिचं हसू बुडालं. "तापट आहे जरा. सकाळी उठाचा कंटाळा. बाकी बरं आहे."

"तुम्हाले… आवडते?"

"कोण?"

"लाइन."

"लाइन तं आवडतेच," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की कळशी भरून पाणी वाहायला लागलं. तेव्हाच भिंतीत दणके सुरू झाले. राजदीपनं पेचकस उचलून पाइपाला लावला, पण कान तिच्याच बाजूला राहिला.

उकंडाकाकांनी खाटेवरून हाक मारली. "मिस्त्री… सापडलं?"

"सापडते काका. जरा वेळ द्या."

"आपल्याच… हातानं… शोधावं," काका म्हणाले आणि पुन्हा आभाळाकडे पाहू लागले.

मधल्या एका मोकळ्या दिवशी राजदीप बसमध्ये बसून पांढरकवड्याला गेला. रहेमानचाचांसाठी सामान पाहायला जातो, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. हायवेच्या ट्रकांमधून वाट काढत, चार ठिकाणी विचारत त्यानं श्रावण फिटरचं घर गाठलं. दारात राजदूत होती खरी. तिच्यावर वड्या घातलेली चाळणी वाळत ठेवली होती. श्रावण फिटर साठीचे, समोरचे दोन दात नसलेले, नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. राजदीपनं त्यांना ती लाइन कशी आहे ते सांगितलं: ट्यूबचे तुकडे, साफ आटे, खिडकीखालचं वळण, तोटीवरचा तो वरून बंद असलेला उभा तुकडा. म्हातारा मन लावून ऐकत राहिला.

"मी नाही केलं ते," शेवटी तो म्हणाला. "तोटीच्या वरती पाइपाचा उभा तुकडा आहे म्हणता, वरून बंद? तसं मी कधी लावलं नाही. कायले असते, ते बी माहीत नाही. पण बाकीचं ऐकून वाटते, पोरगं जीव टाकून राह्यलं त्या घरावर."

हे ऐकायला राजदीप बसचं तिकीट काढून गेला होता.

परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात तो उभा तुकडा घुसून बसला. तोटीच्या वर हातभर उंच पाइप, वरचं तोंड बूच लावून बंद. त्यातून पाणी कुठे जात नाही, कुठून येत नाही. नुसता दिमाख. त्या माणसानं आपली कारागिरी दाखवायला तो खोचून ठेवला असणार, रोज पाणी भरताना हिच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून. आवाज त्याच्यामुळेच होत असेल. असेलच. आता हे त्याला मिस्त्री म्हणून वाटलं की आणखी कशामुळे, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. जळणारा माणूस असे प्रश्न विचारत नसतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो त्यांच्या घरी गेला. मैत्रेयी केंद्रावर होती. उकंडाकाका आत झोपले होते. सत्यभामाबाई अंगणात तूर निवडत होत्या. "आवाज बंद करतो काकू," असं सांगून त्यानं हेक्सा काढला आणि तो उभा तुकडा मुळापासून कापला. कापताना त्याला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. जागेवर बूच ठोकलं, तुकडा भिंतीशी टाकला आणि शीळ घालत निघाला.

तिसरा नळाचा दिवस शनिवारी आला.

साडेसहाला पाणी आलं. मैत्रेयीला तोटीच्या वरची रिकामी जागा केंद्रावरून घरी आल्याआल्याच दिसली होती. तिनं भिंतीशी पडलेला तुकडा पाहिला, राजदीपकडे पाहिलं, आणि हाताची घडी घालून उभी राहिली. वीस मिनिटं ती तशीच उभी होती.

मग दणके सुरू झाले. आधीचे दणके यांच्यापुढे काहीच नव्हते. खिडकीखालचा क्लॅम्प निखळून पडला. स्वयंपाकघरात फळीवरचं ताट खाली आलं आणि गोल-गोल फिरत राहिलं. सत्यभामाबाईंनी कानांवर हात ठेवले. धुण्याच्या दगडापाशी एक सांधा सुटून पाण्याची बारीक धार थेट राजदीपच्या नव्या शर्टावर आली.

मैत्रेयीनं तोट्या उघडून दाब कमी केला. मग विचारलं, "काहून कापला?"

"बिनकामाचा होता."

"कोण म्हटलं?"

"म्या म्हणतो." भिजलेल्या माणसाला धीर धरता येत नाही. आठवडाभराचं सगळं त्याच्या तोंडातून बाहेर आलं. "ज्यानं लावला त्याले दाखवाची लय हौस. खिडकीखालून वळण काय, ट्यूबचे तुकडे काय, नेलपॉलिश काय. मॅडम, कामाच्या नावानं घरात घुसणारा माणूस… अशा माणसावर भरोसा करू नये. मी सांगून राह्यलो."

मैत्रेयी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत उकंडाकाकांची हत्यारपेटी होती. ती तिनं त्याच्यासमोर ठेवली, झाकण उघडलं, आटे पाडायचा डाय काढून त्याच्या पायाशी ठेवला. तेल लावून पुसलेला होता. मग तिनं तळहात समोर धरले. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, गेल्या वर्षीचे, जुने होऊन पिवळे पडलेले.

"मी आहे तो माणूस," ती म्हणाली.

राजदीपनं डाय उचलून त्याच्या आट्यांवरून बोट फिरवलं.

"मी… सांगे," खाटेवरून उकंडाकाका म्हणाले. त्यांना प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. "ती… करे. काठीनं… दाखवे मी. पोट्टीचा हात… माझ्याहून… साफ आहे."

"तो तुकडा हवेची बाटली होता," मैत्रेयी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "प्रेसवर दाबाच्या लाइनले असते. त्याच्यात हवा राह्यते. पाण्याचा धक्का आला की हवा दबते, पाइपाले मार लागत नाही. दिवाळीपासून अर्धा मार ते बाटली खाऊन राह्यली होती. तुम्ही तिलेच कापलं. विचारलं बी नाही. जा तुम्ही."

तो निघाला. पिशवी उचलली, फाटक लावलं, गल्लीत आला. त्याला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही कधीच वाटलं नव्हतं. तो माणूस नव्हताच. आणि जी होती तिनं आत्ताच जा म्हटलं होतं.

भिंतीआडून दणका ऐकू आला. लगोलग वरून मैनाबाईंचा आवाज आला, "भरत आली वं टाकी, भरत आली." मैनाबाई म्हणजे शेजारच्या. यवतमाळहून आणलेल्या आपल्या टाकीवर त्यांचा इतका जीव की नळाच्या दिवशी त्या गच्चीवर टाकीशेजारी बसून असत.

राजदीप जागीच थांबला. टाकी भरायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं. आणि टाकीची लाइन फुटते कुठून? मैत्रेयीच्याच लाइनमधून. दोन्ही घरांना एकच जोडणी होती, गल्लीत फाटा देणारा टी त्यानंच लावला होता.

तो मैनाबाईंच्या जिन्यानं वर धावला. "टाकीले हात लावाचा नाही," म्हणत त्या उठेपर्यंत त्यानं झाकण उघडलं होतं. आत पाण्यावर बॉलकॉकचा गोळा नाचत होता. पाणी वर आलं की गोळा वर, तोटी गप्पकन बंद. लाट आली की गोळा खाली, तोटी उघडी. वर-खाली, वर-खाली. प्रत्येक वेळी खालच्या पाइपात धक्का, आणि भिंतीपलीकडे ठकठकठक. त्यानं गोळा मुठीत धरला. दोन्ही घरं शांत झाली. सोडला. दण्.

खाली पलीकडच्या अंगणात मैत्रेयी मान वर करून उभी होती.

इथं राजदीपला गप्प बसता आलं असतं. दांडीला जरा वाक दिला असता, झाकण लावलं असतं, खाली येऊन सांगितलं असतं की घ्या, सापडला आवाज, आणि कोणाला काही कळलं नसतं. मैनाबाईंसमोर चूक कबूल करणं म्हणजे सोमवारच्या बाजारात दवंडी पिटण्यासारखं होतं. गावात त्याच्याजवळ नाव सोडून दुसरं होतं काय? आणि ज्या कामाचा त्यानं आठवडाभर राग-राग केला ते निर्दोष निघालं होतं, ज्या कामाचा तोरा मिरवला तेच वाजत होतं.

"आवाज माझा आहे," तो गच्चीच्या कडेशी येऊन म्हणाला. मोठ्यानं, म्हणजे उकंडाकाकांनाही ऐकू जावं. "बॉलकॉक मी बसवला, तो नाचून राह्यला. तुमच्या लाइनीत काहीच नाही. तुमची लाइन माझ्या कामापेक्षा चांगली आहे."

"माया टाकीत खोट?" मैनाबाई म्हणाल्या. "पैसे परत दे मंग."

"देतो मावशी. खोट टाकीत नाही, माझ्यात आहे."

मैत्रेयी हलली नाही. "मले माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"बॉलकॉक. दिवाळीपासून माहीत आहे."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"बाबा म्हणे, सांगतलेलं मिस्त्रीले पटत नाही. त्याचं त्याले सापडू दे." तिनं टाकीकडे बोट केलं. "पावडरचा रिकामा डबा असन मैनामावशीपाशी. त्याले भोकं पाडा आन् तारेनं दांडीले टांगा, पाण्यात बुडन असा. गोळा नाचणार नाही."

डबा सापडला. भोकं पडली. तारेनं टांगल्यावर गोळा हळूच वर आला आणि शहाण्यासारखा थांबला. भिंतीत चिडीचूप झालं. मैनाबाईंनी झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि पैशांचं पुन्हा काढलं नाही, हे त्यांच्याकडून फार झालं.

राजदीप परत आला तो फाटकाबाहेरच उभा राहिला. त्या कापलेल्या तुकड्याच्या टोकाला मैत्रेयीनं नवे आटे पाडून ठेवले होते. इतक्या लवकर, आणि इतके साफ. तिनं बोलावलं नाही, पण पाइप पान्याची मूठ त्याच्या बाजूला करून धरली. तो आत आला. मग मात्र पाना तिनं दिला नाही. "तुम्ही पाइप धरा. आवळते मी."

त्यानं पाइप धरला. ती आवळू लागली. दोघांच्या हातांमध्ये वीतभर अंतर होतं आणि तेवढ्यात बोलणं भाग होतं.

"मी जळून कापला तो," राजदीप म्हणाला. "आवाजासाठी नाही. त्या माणसाचं… म्हणजे… झोप नव्हती मले. पांढरकवड्याले जाऊन आलतो, त्याले पाहाले."

"कोण सापडलं?"

"एक आजोबा."

तिचे खांदे हलले. पाना थांबला, पुन्हा फिरला. "आता तं माणूस सापडला. आता नाही ना जळत?"

"आता जास्त जळतो. माये आटे इतके साफ येत नाही."

ती हसली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. राजदीपनं पाइप घट्ट धरला. आत्ता नाही बोललो तर पुढचा चौथा दिवस उजाडणार नाही, असं त्याला वाटलं.

"आमच्या घरी नळ नाही," तो म्हणाला. "माय हातपंपावरून आणते. लोक हासते, मिस्त्रीच्या घरी नळ नाही म्हणून. लाइन टाकाची आहे. म्या म्हणतो… तू टाकशील काय?"

त्याच्या तोंडून 'तू' निघालं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं.

"लाइन टाकून परत याचं?" तिनं विचारलं.

"नाही. म्हणजे… परत नको येऊ."

मैत्रेयीनं पाना खाली ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता, पण लाजेनं की रागानं ते सांगणं कठीण होतं. "आधी मले एक सांग. एक टाकी बसवाले किती दिवस लागते?"

"एक. लय झालं तं दोन."

"मैनामावशीची टाकी बसवाले तुले पाच लागले." तिनं बोटं दाखवली. "पाच. मावशीची भाची जमनी आलती दिवाळीले. दर घंट्यानं वरती चहा घेऊन जाय. पाचव्या दिवशी ते गेली आन् सहाव्या दिवशी तुयी टाकी भरली."

"जमनी?" राजदीप गडबडला. "तिचं तं उमरखेडले जमलं आहे. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्याच गोष्टी सांगे ते मले. मी नुसता—"

"मले काय माहीत कोणाच्या गोष्टी होत्या? मी भिंतीच्या इकडे होती. मले फक्त हासणं ऐकू येत होतं, पाच दिवस." तिनं आता सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला. "पाइप त्याच्यानंतर वाजाले लागला, मिस्त्री. मायी झोप तं आधीच गेलती. दुकानात मी काय पाइपासाठी आलती?"

राजदीपच्या हातून पाइप सुटला असता, पण तो पक्का बसला होता.

खाटेवर उकंडाकाकांनी कूस बदलली. ते झोपले आहेत असं दोघांनाही वाटत होतं. "मिस्त्री," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की मैत्रेयीनं ओढणीचं टोक दातात धरलं. "उद्या… रविवार आहे. मायले… घेऊन ये."